कडुलिंबाखालची सात टेबलं

एप्रिलचं ऊन नऊ वाजताच चटका द्यायला लागतं, म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेतला शाळापूर्व तयारीचा मेळावा साडेसातला सुरू झालेला बरा. आदल्या संध्याकाळी चौथीची मुलं लेझीम घेऊन वाडीवाडीतून फिरतात. जूनमध्ये पहिलीत जाणारं पोर कुणाच्या घरी आहे, हे त्यांना गुरुजींपेक्षा चांगलं ठाऊक असतं. सकाळी कडुलिंबाखाली सात टेबलं मांडलेली, प्रत्येकावर पुठ्ठ्याचा फलक, आणि नोंदणीपाशी रंगीत कागदाच्या टोप्यांची चळत. टोपी डोक्यावर बसली की आईचा पदर घट्ट धरलेलं मूलही हळूच पदर सोडतं.

तसा हा मेळावा नवा. कोरोनाच्या काळात अंगणवाडी नीट न मिळालेली मुलं जून 2022 मध्ये पहिलीत येणार होती. त्यांच्यासाठी त्या वर्षी ‘पहिले पाऊल’ या नावाने हे अभियान राज्यात सुरू झालं. एक मेळावा एप्रिलमध्ये, दुसरा शाळा उघडल्यावर जूनमध्ये. पण शाळेच्या वर्षाची आठवण काढायची तर सुरुवात आता इथूनच होते.

पहिलं टेबल नोंदणीचं. दुसऱ्यावर शारीरिक विकास: फक्कीने आखलेल्या रेषेवरून चालणं, चेंडू टोपलीत टाकणं, मणी ओवणं, कागदाची घडी घालणं. तिसऱ्यावर बौद्धिक विकास, म्हणजे जोड्या लावणं, वेगळी वस्तू ओळखणं, क्रम लावणं. चौथ्यावर स्वतःचं नाव, घरात कोण कोण, काय आवडतं. पाचव्यावर चित्र बघून बोलणं आणि ऐकलेली गोष्ट सांगणं. सहाव्यावर गणनपूर्व तयारी: कमी-जास्त, लहान-मोठं, चिंचोके मोजणं. सातवं टेबल पालकांचं.

एका टेबलावर पाच-सहा मिनिटं धरली तर मूल पाऊण तासात सगळं करून मोकळं होतं आणि 25 मुलांचा मेळावा दहाच्या आत आटपतो. खोळंबा होतो तो पाचव्या टेबलावर. चित्रातली म्हैस बघितली की मूल घरच्या म्हशीची सगळी हकिगत सांगू लागतं, आणि ती मधे तोडायची नसते. म्हणून तिथे दोन माणसं, दोन चित्रं आणि बसायला सतरंजी हवी. मण्यांना दोऱ्याऐवजी बुटाची जुनी नाडी घ्यावी. दोऱ्याचं टोक विस्कटतं आणि मूल ओवण्याऐवजी दोऱ्याशीच झगडत बसतं. चौथ्या टेबलावरची अडचण वेगळी. मागून आई सांगत राहते, “बोल ना, घरी तर किती बोलतोस!” आणि मूल ओठ आणखी घट्ट मिटतं. यावर आईला लांब उभं करणं हा उपाय नव्हे. तिला सहाव्या टेबलावर दुसऱ्याच्या मुलाजवळ बसवावं, हातात चिंचोके द्यावेत. परक्या मुलाला ती घाई करत नाही, आणि आपल्या मुलाशी कसं बोलायचं ते तिथेच तिच्या लक्षात येतं. पालक शाळेत येत नाहीत ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. खरं तर नुसतं ऐकायला बोलावलेला पालक एकदाच येतो. काम दिलेला पालक पुन्हा येतो.

सातव्या टेबलावर विकासपत्र उघडतं, म्हणजे मुलाला काय काय जमतं याच्या नोंदीचा कागद. पहिल्या मेळाव्याची नोंद एका रकान्यात, दुसऱ्याची त्याच्या शेजारी. इथे बाई काय बोलतात यावर पुढचे दोन महिने ठरतात. “याला आकार ओळखता येत नाहीत” असं म्हटलं की आई पत्र घडी करून पिशवीत टाकते. तेच “रेषेवरून छान चालला, मणी ओवले, आता पोळी लाटताना गोल कुठला, डब्याचं झाकण कसलं, ते विचारत जा” असं सांगितलं की ती मान डोलावते. सांगायचं काम एकच असावं. पाच कामं सांगितली तर एकही होत नाही.

मग एका आळीतल्या पाच-सहा आयांचा गट बनतो, त्यातली एक लीडर माता. सुट्टीत दर आठवड्याला मोबाइलवर कृती येतात आणि ओट्यावर, अंगणात होतात: कांदे-बटाटे वेगळे करणं, भांडी लहानापासून मोठ्यापर्यंत लावणं, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या. लीडर माता सर्वांत जास्त शिकलेलीच हवी असं नाही. जिच्या ओट्यावर संध्याकाळी सगळ्या बसतात, ती निवडावी. मोबाइल बहुधा वडिलांच्या खिशात असतो आणि वडील बाहेर असतात, म्हणून आठवड्याची कृती शाळेच्या फळ्यावर आणि किराणा दुकानाच्या दारावरही लिहिलेली बरी. ऊसतोडीहून उशिरा परतणाऱ्या कुटुंबांचा एप्रिलचा मेळावा चुकतो. त्यांच्या दारी टोपी आणि विकासपत्र घेऊन जावं लागतं. तो फेरा शाळेने टाळू नये.

15 जूनला, विदर्भात उन्हामुळे आणखी उशिरा, प्रवेशोत्सव. फुगे बांधलेल्या बैलगाडीतून किंवा ट्रॅक्टरमधून मिरवणूक, औक्षण, नवी पाठ्यपुस्तकं, आणि परातीतल्या कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून पांढऱ्या कागदावर उमटवलेले ठसे. पाणी जास्त झालं की ठसा पसरतो. परातीत ओली फडकी अंथरून तिच्यावर पाय ठेवला तर बोटं स्वच्छ उमटतात.

पावसाळ्यात शाळा व्यवस्थापन समितीच्या सभा. शिक्षण हक्क कायद्याने समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. पण सभा दुपारी बाराला ठेवली की खुरपणीला गेलेली आई येणार कशी? संध्याकाळी सातला ठेवली की येते.

संक्रांतीच्या माता-पालक मेळाव्याची गंमत न्यारी. तिळगूळ, उखाणे, संगीत खुर्ची, आणि वाण म्हणून पेन्सिल, वही किंवा गोष्टीचं पुस्तक. फक्त पत्रिकेवर ‘हळदी-कुंकू’ एवढंच छापलं की नवरा नसलेल्या आया घरी राहतात, त्यांना कुणी काही न म्हणताही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. शाळेला तर एवढंही करावं लागत नाही. पत्रिकेवर ‘तिळगूळ समारंभ’ लिहावं, आणि पहिलं वाण अशाच एखाद्या आईच्या हस्ते वाटावं.

पण वर्षभरातला सगळ्यांत गजबजलेला दिवस आनंद बाजाराचा. पटांगणात पोती अंथरलेली; बोरं, चिंचा, मेथीच्या जुड्या, ताक, भेळ, पोहे. कुणाकडे घरच्या कोंबडीची सहा अंडी. इथली नेहमीची चूक म्हणजे आई रांधते, बाबा पैसे घेतात आणि मूल शेजारी नटून उभं राहतं. म्हणून आदल्या आठवड्यात वहीत हिशेब मांडून घ्यावा. समजा, पोहे 1 किलो 60 रुपये, शेंगदाणे 35, कांदे 15, तेल 30, मिरची-कोथिंबीर-लिंबू 20, कागदी प्लेटा 20. खर्च 180. त्यात 20 प्लेटा होतात. दहाला एक विकली तर 200 येतात, नफा फक्त 20. धाकट्या भावाने दोन प्लेटा फुकट खाल्ल्या की नफा संपला. हे गणित चौथीच्या पोराच्या कायमचं ध्यानात राहतं, आणि शेजारी बसून ते मांडणाऱ्या आईच्याही. भांडवल आईकडून उसनं, संध्याकाळी परत. वहीवर दोघांच्या सह्या. सुट्टे पैसे आधी आणून ठेवावेत, नाहीतर पहिल्या तासात सगळ्यांकडे पन्नासच्या नोटा आणि परत द्यायला काहीच नाही. मोबाइलवर पैसे घेणं त्या दिवशी बंद ठेवलेलं चांगलं. नाणी मोजायची म्हणून तर हा बाजार.

स्नेहसंमेलनाचं काय सांगावं, ते सगळ्यांना पाठ आहे. एवढंच, की भाड्याच्या पोशाखांपेक्षा आयांनी जुन्या साड्यांतून शिवलेले घागरे जास्त दिवस आठवतात, आणि मंचापासून दहा फुटांवर दोरी बांधली नाही तर मोबाइल उंचावलेल्या पाठींपलीकडे मागच्या आजीला काही म्हणता काही दिसत नाही.

मार्चअखेर चौथीचा निरोप. प्रवेशोत्सवाचा तो ठशांचा कागद इथे उपयोगी पडतो, जपला असेल तर. त्याच दिवशी कोपऱ्यात नाव आणि तारीख बॉलपेनने लिहावी. शाईचं पेन ओल्या कागदावर फुटतं. पूर्ण वाळल्यावर गुंडाळी करून कपाटात वरच्या खणात ठेवावी, वाळवी लागू नये म्हणून कडुलिंबाचा वाळका पाला टाकून. निरोपाच्या दिवशी कागद जमिनीवर पसरायचा, मुलाने आपला पाय त्या चिमुकल्या ठशावर ठेवायचा. बोटं कितीतरी पुढे जातात. आई वाकून बघते, आणि कागद घरी न्यायला मिळेल का म्हणून विचारते.