आमची वाटचाल : उद्यमनगर ते गार्डिना, व्हाया डॅटसन

आमच्या दुकानात एकाच घराण्याची इंजिनं येतात. डॅटसनच्या, म्हणजे निसानच्याच एका ब्रँडच्या, झेड गाड्यांची, 'एल' मालिकेतली, एका ओळीत सहा सिलिंडर असलेली. गाडी 240झेड असो, 260झेड असो की 280झेड, आम्ही तिला टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या धक्क्याने फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, बसवतो आणि त्यासाठी लागणारे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करून टर्बोकडे नेणाऱ्या नळ्या, स्वतः बनवून विकतो. मस्टँग घेऊन आलेल्या माणसाला आमच्याकडे चहा मिळतो आणि दुसऱ्या गॅरेजचा पत्ता.

दुकान लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला, गार्डिनात आहे. जागा घेतली ती भाडं परवडलं म्हणून, पण ती लाभली. निसानचं अमेरिकेतलं मुख्य कार्यालय 2006 साली टेनेसीला हललं, तोवर ते याच भागात होतं. आजूबाजूच्या गल्ल्यांत अजून एखाद्या घरासमोर ताडपत्रीखाली झेड उभी दिसते. लाँग बीचला दर वर्षी जुन्या जपानी गाड्यांचं प्रदर्शन भरतं. आमची अर्धी गिऱ्हाइकं तिथल्या ओळखीतूनच आली.

मी मूळचा कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात वडिलांचं बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगचं वर्कशॉप होतं. टर्बो पहिल्यांदा हातात घेतला तो ट्रकचा. टाटाचं 697 इंजिन म्हणजे सहा सिलिंडर आणि 97 मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास), नावातच सगळं सांगितलेलं. ते आधी बिनटर्बोचं यायचं, पुढे टर्बोवालं येऊ लागलं. घाटात लोड घेऊन चढणाऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर वर्कशॉपमध्ये येऊन दोन्ही इंजिनांवर वाद घालायचे. तेव्हाच डोक्यात बसलं की सरळ सहा सिलिंडरचं इंजिन आणि टर्बो यांचं चांगलं जमतं. इकडे शिकायला आलो, एका मशीन शॉपमध्ये नोकरी केली, आणि तिथे कामाला आलेली 280झेड उघडल्यावर ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. जाड बिडाचा ब्लॉक, सात मेन बेअरिंग, सहा सिलिंडर. फक्त डिझेलऐवजी पेट्रोल.

नंतर कळलं की निसानला ही गोष्ट फार आधी सुचली होती. 1979 साली सेड्रिक या गाडीत दोन लिटरचं एल20ईटी आलं. ते जपानी कंपनीने विक्रीला काढलेलं पहिलं टर्बो गाडीचं इंजिन. पाठोपाठ 1981 साली अमेरिकेत 280झेडएक्स टर्बो आली. त्यात गॅरेटचा एकच टी3 टर्बो होता, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) 7.4 पर्यंत उतरवलेलं, टर्बोची तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर नाही, ताकद 180 अश्वशक्ती. कंपनीने सावध राहून केलेलं काम, आणि त्यातली कित्येक इंजिनं आजही धावतात. आमच्या धंद्याचा पाया हाच सावधपणा आहे. टर्बो बसवणं हे एका दिवसाचं काम. तो बसवल्यावर जी उष्णता, तेल आणि पेट्रोल सांभाळावं लागतं, त्याचे पैसे आम्ही घेतो.

सुरुवातीला आम्ही स्टेनलेसच्या नळ्या कापून, वेल्डिंग करून मॅनिफोल्ड करायचो. दिसायला देखणे. पण जोडावर टर्बोचं वजन आणि उष्णता दोन्ही आली की वेल्डच्या कडेने केसाएवढी चीर पडायची, आणि गाडी फुसफुसत परत यायची. दुसरं दुखणं या इंजिनाचं जुनंच आहे. कोणत्याही झेडवाल्याला विचारा, मॅनिफोल्डला हेडवर, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणावर, धरून ठेवणारे टोकाचे स्टड (आट्यांचे दांडे) तुटतात, त्यातही सगळ्यात मागचा. हेड ॲल्युमिनियमचं आहे, पण आत पाणी फिरत असल्याने ते शंभर अंशांच्या आतबाहेर राहतं. मॅनिफोल्ड मात्र बूस्टवर, म्हणजे टर्बो दाब देत असताना, सहाशेच्या पुढे जातो. अर्ध्या मीटरहून लांब तुकडा तापला की तो हेडपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त लांबतो. मधल्या स्टडना त्याचं काही नसतं, टोकाच्या स्टडवर सगळा ताण येतो.

तुटलेला स्टड हेडच्या आतच राहिला तर तो काढणं हे आमच्याकडचं सगळ्यात शांतपणे करायचं काम. राहिलेल्या टोकावर नट ठेवायचा, नटाच्या भोकातून वेल्ड भरायचा आणि हात मागे घ्यायचा. जरा थंड होऊ द्यायचं. मग नट अजून मेण वितळण्याइतका गरम असताना कडेला मेणबत्तीचं मेण लावायचं, ते आट्यांत ओढलं जातं. त्यानंतर पाना पाव आटा पुढे, पाव आटा मागे. एकदम ओढलं की संपलं, मग ड्रिल, मग हेलिकॉइल (नव्या आट्यांसाठी बसवायची तारेची गुंडाळी), मग हेड खाली. आमच्याकडे नवीन मुलगा लागला की त्याला आधी हेच देतो. ज्याला इथे धीर धरवतो त्याला बाकीचं शिकवता येतं.

ओतीव मॅनिफोल्डचा विचार कोल्हापूरमुळे आला. उद्यमनगरात चुलतभावाचा फाउंड्रीवाल्यांशी रोजचा संबंध. सुट्टीत गेलो तेव्हा सहा सिलिंडरचा अखंड मॅनिफोल्ड काढलेला कागद ओतकामाचे लाकडी साचे, म्हणजे पॅटर्न, करणाऱ्या एका जुन्या मिस्त्रीकाकांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, कागद उलटा-सुलटा केला आणि म्हणाले, "एका तुकड्यात कशाला ओतायलायस बाळा? तापलं की लांबणारच की त्ये. मधनं तोड."

मी म्हटलं, "काका, तोडलं तर दोन टर्बो लागतील."

"मग लाव की दोन. तुझ्या गिऱ्हाइकाला काय कमी हाय?"

काकांनी लांबण्याचा हिशेब पाहिला होता, पण त्यांच्या सल्ल्यात इंजिनाचं गणितही आपोआप बसत होतं. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-5-3-6-2-4. पुढचे तीन सिलिंडर वेगळे काढले तर त्यांचे धक्के क्रँकच्या फिरण्यात बरोबर 240 अंशांच्या अंतराने येतात, मागच्या तिघांचेही तसेच. चार सिलिंडरच्या इंजिनात हे अंतर 180 अंशांचं असतं, त्यामुळे एकाचा धूर बाहेर पडत असतानाच दुसऱ्याचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ते एकमेकांच्या पायात येतात. तीनच्या गटात ती धक्काबुक्की जवळजवळ संपते, प्रत्येक धक्का टर्बाइनवर स्वच्छ आपटतो. निसाननेच 1989 च्या स्कायलाइन जीटी-आरमध्ये सहा सिलिंडरचे असे तीन-तीन भाग करून दोन टर्बो लावले होते. आम्हीही दोन छोटे टर्बो घेतले. छोटं चाक लवकर फिरायला लागतं, त्यामुळे गाडी अडीच हजार आरपीएमच्या अलीकडेच ओढायला लागते. तुकडा निम्मा झाल्याने लांबणंही निम्मं झालं, आणि टोकाच्या स्टडची कटकट बरीच आटोक्यात आली.

धातू साधं बीड नाही चालत, ते तापून-थंड होऊन तडकतं. आम्ही एसजी आयर्न, म्हणजे सहज न तडकणारं चिवट बीड, वापरतो, त्यात सिलिकॉन चार टक्क्यांच्या आसपास आणि थोडा मॉलिब्डेनम. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांना एसजी नवीन नाही, पण एवढ्या लहान संख्येने ही ग्रेड ओतायला कुणी तयार होईना. एक भट्टी लावायची तर माल तेवढा हवा. शेवटी एका फाउंड्रीने दुसऱ्याच्या ऑर्डरच्या शेपटाला आमचं ओतकाम जोडून घेतलं. अजूनही तसंच चालतं, त्यामुळे माल कधी येईल हे आमच्या हातात नसतं. गिऱ्हाईक चिडतं, आम्ही ऐकून घेतो.

आलेला प्रत्येक तुकडा शॉट ब्लास्ट केलेला, म्हणजे बारीक गोळ्या मारून साफ केलेला, असतो, तरी आम्ही नळीत बारीक कॅमेरा घालून आतली भिंत पाहतो. ओतताना नळी पोकळ राहावी म्हणून आत ठेवलेल्या कोअरच्या वाळूचा एखादा कण चिकटून राहिला आणि तापल्यावर सुटला, तर तो सरळ टर्बाइनवर जातो. ते चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेत असतं. तिथे कणालाही गोळीची किंमत.

मालाचा रस्ता कोल्हापूर, न्हावा शेवा, लाँग बीच. 2021 मध्ये कंटेनरचं भाडं गगनाला भिडलं तेव्हा त्या फेरीत नफा असा राहिलाच नाही. हिशेब, कस्टमचे कागद आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणणं ही तिन्ही खाती बायकोकडे आहेत. तिने तेव्हा कर्ज न काढता दोन तुकड्यांच्या सेटची आगाऊ नोंदणी सुरू केली, आणि त्या पैशांवर दुकान तरलं.

नाही म्हणायची वेळ बरेचदा येते. कॅलिफोर्नियात 1975 आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग तपासणी माफ आहे. 1976 पासूनच्या गाडीला ती द्यावी लागते, आणि इंजिनावर बसवलेल्या बाहेरच्या सुट्या भागाला राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो. आमच्या मॅनिफोल्डला तो नाही. त्यामुळे 1977 ची सुंदर 280झेड दारात आली तरी हात जोडतो. पुण्या-मुंबईहूनही फोन येतात, "आमच्या जुन्या गाडीला करून द्या ना." त्यांना मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचायला सांगतो. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल तिथे चालत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही 2019 साली हेच सांगितलं. आधी आरटीओला विचारा, मग मला.

बूस्टबद्दल आम्ही हट्टी आहोत. 280झेडचं मूळ कॉम्प्रेशन 8.3, तिला सुरुवातीला 7 पीएसआय, म्हणजे साधारण अर्धा बार. 240झेडचं कॉम्प्रेशन नऊच्या आसपास, तिला त्याहून कमी. इथल्या पंपावर मिळणारं सगळ्यात चांगलं पेट्रोल 91 ऑक्टेनचं, त्यात नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून बसणारे ठोके, सुरू व्हायला वेळ लागत नाही. दर पीएसआयला ठिणगीचं टायमिंग एखादा अंश मागे घ्यायचं, पूर्ण बूस्टवर मिश्रण पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साडेअकरा ते बारा भाग असं ठेवायचं, आणि इंटरकूलर असायलाच हवा. एक गृहस्थ गाडी नेल्यावर घरी बूस्ट वाढवून बसले. परत आली तेव्हा पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटून ऑइल पॅनमध्ये पडल्या होत्या. आता वेस्टगेटच्या, म्हणजे बूस्ट आवरणाऱ्या झडपेच्या, सेटिंगवर आम्ही सील लावतो. सील तुटलेलं असेल तर वॉरंटी नाही.

"टर्बो गेला, निळा धूर येतोय" असा फोन आला की मी आधी तेलाच्या परतीच्या नळीचा फोटो मागतो. टर्बोत तेल दाबाने जातं, बाहेर मात्र उतारावरूनच येतं. नळी अंगठ्याएवढी जाड हवी, सरळ खाली उतरायला हवी आणि ऑइल पॅनमध्ये तेलाच्या पातळीच्या वर शिरायला हवी. मध्ये पोट पडलं की तेल तुंबतं आणि सीलमधून एक्झॉस्टमध्ये जातं. टर्बो बहुतेक वेळा ठणठणीत असतो. आमचा मागचा टर्बो स्टिअरिंगच्या दांड्याजवळ येतो, डाव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाड्यांत तिथे जागाच कमी. म्हणून त्या नळीचा वाक आम्ही स्वतः करून देतो, कुणाला रबरी नळी तोडून बसवू देत नाही.

सध्या उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाड्यांसाठी मॅनिफोल्डचा नवा पॅटर्न चालू आहे. ऑस्ट्रेलियातून विचारणा येतात, आणि तिथे स्टिअरिंगचा दांडा दुसऱ्या बाजूला गेल्याने आम्हाला जरा मोकळी जागा मिळते. मिस्त्रीकाका आता रोज कामाला येत नाहीत, पण लाकडावर पहिली रेघ तेच मारतात.

गाडी आणायची असेल तर फोन करण्याआधी इंजिन गरम करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजा आणि आकडे पुढून मागे ओळीने लिहून ठेवा. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान आकड्यात दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर आधी इंजिनकाम. बायको फोनवर पहिला प्रश्न तोच विचारते.