तुम्ही विचारलंत म्हणून: प्रार्थनेने माणूस बरा होतो का?

हा प्रश्न मला खूप जणांनी विचारला आहे. चर्चमधल्या तरुण मुलांनी, माझ्या भाच्याने, एकदा तर एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनेही. पण मागच्या आषाढात वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीत रात्री साडेदहाला एका सुनेने विचारलं, तेव्हा मला तो टाळता आला नाही. आत तिचे सासरे निजले होते. उमेदीच्या वयात रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढलेला माणूस. मधुमेहाने आधी त्यांच्या पायांची जाणीव गेली, मग दोन बोटं गेली, आणि आता मूत्रपिंडं हात टेकत आली होती. सून पडवीत उभी होती, पदराने हात पुसत.

“सिस्टरबाय, तुमी इतकी प्रार्थना करतास. मगे आमचे मामा बरे होतले?”

मी परिचारिका होते. निवृत्त झाल्यापासून आसपासच्या वाड्यांत अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे जाते, जखमा धुते, कूस बदलून देते, घरच्यांना शिकवते. कॅथलिक आहे, संध्याकाळी घरी आल्तारासमोर, म्हणजे देव्हाऱ्यासमोर, रोझरी म्हणते, माळेवरची प्रार्थना. त्यामुळे हे मलाच विचारावं असं लोकांना वाटतं. त्या रात्री मी तिला दोन वाक्यांत उत्तर दिलं. बाकीचं इथे सांगते.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. साखर आटोक्यात असेल, जखम स्वच्छ राहिली, पायावर भार पडला नाही आणि तिथवर रक्त नीट पोचत असेल, तर जखम भरते. हे नसेल तर भरणं कठीण. देवावर हवाला ठेवून कोणी इन्सुलिन बंद केलं की मी त्या घरात आवाज चढवते. भुकेल्याला अन्न न देता नुसतं ‘सुखी राहा’ म्हणून वाटेला लावण्यात काय अर्थ, असं बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात विचारलं आहे. औषध न देता केलेली प्रार्थना मला तशीच वाटते.

मग प्रार्थना कशाला?

माझे वडील अर्धांगाने पडले तेव्हा मी दूरच्या गावी नोकरीला होते. रजा मिळाली नाही. घरी आईने नोव्हेना धरली, नऊ दिवसांची प्रार्थना. सातव्या दिवशी वडील गेले. मी पोचले तेव्हा मातीही झाली होती, आणि त्या संध्याकाळी आई आठव्या दिवसाची प्रार्थना म्हणायला बसली. मी रागाने विचारलं, आता कशासाठी? देवाशी बोलणं मध्येच तोडायचं नसतं, एवढंच ती म्हणाली. तिने नववा दिवसही पुरा केला. मी मात्र पुढचं वर्षभर देवाशी धड बोलले नाही.

परत बोलायला लागले ती एका पवित्र गुरुवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री. येशूला पकडून नेलं त्याआधी त्याने गेथशेमाने बागेत प्रार्थना केली, तो बायबलमधला उतारा तोपर्यंत कितीदा ऐकला होता. त्या रात्री तो एका परिचारिकेच्या कानांनी ऐकला. येशू म्हणतो, शक्य असेल तर हा प्याला माझ्यावरून टळो. एकदा नाही, तीनदा. प्याला, म्हणजे पुढ्यातलं मरण, टळत नाही. ज्याला आम्ही देवाचा पुत्र म्हणतो त्याचंही मागणं तसंच राहिलं, आणि तरीही तो म्हणाला, माझ्या मनासारखं नको, तुझ्या मनासारखं होऊ दे. आणि शिष्यांकडे त्याने मागितलं तरी काय? पहारा नाही, तलवार नाही, पळून जायची वाट नाही. एवढंच की माझ्याबरोबर जागे राहा. तेवढंही त्यांना जमलं नाही. तिन्ही वेळा तो आला तेव्हा ते झोपलेले होते.

रात्रपाळी केलेल्या कोणालाही विचारा, पहाटे तीनला दुखणाऱ्या माणसाला काय हवं असतं. औषधाची वेळ झालेली नसते, डॉक्टर सकाळी येणार असतात. त्याला हवं असतं जागं माणूस. त्या रात्री चर्चमध्ये मला वाटलं, वडलांजवळ मी जागी राहू शकले नाही, पण ज्याने हे मागितलं होतं तो तिथे जागा होता. हे मी सिद्ध करू शकत नाही. त्यावर माझा विश्वास आहे.

आता त्या रापणकर आजोबांचं. त्यांच्याकडे मी तीन वर्षं जात होते. त्यांचे पाय रोज धुवावे लागत. पाणी कोमट, आणि ते त्यांच्या पायाने नाही, आपल्या कोपराने पाहायचं, कारण त्यांना भाजलेलं कळत नाही. बोटांच्या बेचक्या मऊ फडक्याने टिपून घ्यायच्या, ओल राहिली की कातडी कुजते. बेचक्यांत तेल किंवा मलम लावायचं नाही. मग तळवा उजेडाकडे वळवून पाहायचा. वाळूत अनवाणी आयुष्य काढलेल्या या माणसाला शिंपल्याची कड रुतली तरी समजत नव्हतं. पाहणाऱ्यालाच ती आधी दिसायची. पहिल्या दिवशी मी घमेलं पुढे सरकवलं, तर त्यांनी पाय मागे घेतला. “तू ह्या काम करू नको गो. माका लाज वाटता.”

ती लाज माझ्या ओळखीची होती. पवित्र गुरुवारी आमच्यात पायधुणीचा विधी असतो. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने कंबरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी घेतलं आणि शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून. 2013 साली पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन हा विधी केला. ज्यांचे पाय त्यांनी धुतले त्यांत मुली होत्या, मुसलमानही होते. 2016च्या जानेवारीत नियमच बदलला आणि पाय धुवून घेणाऱ्यांत स्त्रियांनाही बसवता येऊ लागलं. पुढे एका वर्षी आमच्या फादरांनी मला बसायला सांगितलं. मी घरून टाचा घासून, नखं कापून गेले. फादर गुडघ्यांवर आले, त्यांनी हात पुढे केला आणि मी पाय आखडून घेतला. हजारो पाय धुतलेली बाई मी, पण माझा पाय कोणी हातात घ्यावा हे मला सोसेना. येशूचा शिष्य पेत्रही हेच म्हणाला होता, तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत. मी त्याला भिडस्त समजत आले होते. त्या खुर्चीवर कळलं की त्यात मानही असतो. देणारा हात आपलाच असावा, असं कुठेतरी खोल वाटत असतं.

म्हणून आजोबांना मी शुभवर्तमान सांगायला गेले नाही. खरं होतं तेच सांगितलं. “माझ्या बापाशीचे पाय धुवचे रवले, आजोबा.” ते बराच वेळ माडांकडे बघत बसले. मग पाय घमेल्यात ठेवला.

येशूने त्या रात्री ज्यांचे पाय धुतले त्यांत त्याला धरून देणारा यहूदाही होता, आणि तिथवर मी पोचलेली नाही. एका घरी माझ्यावर चोरीचा आळ आला. मी देवाला साक्षी ठेवून तिथून उठले आणि सहा महिने त्या घराची पायरी चढले नाही. प्रार्थना रोज चालू होती. देवा, माझा निर्दोषपणा लोकांना दिसू दे. येशूच्या दाखल्यात देवळात उभं राहून स्वतःची चांगली कामं मोजणाऱ्या परुश्याची, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्याचीच ती प्रार्थना होती, माझ्या तोंडून निघालेली. शेवटी गेले तेव्हा आळ घेणाऱ्याने माफी मागितली नाही, बसही म्हटलं नाही. आत म्हातारीच्या पाठीची जखम हाडापर्यंत गेली होती. सहा महिने तिची कूस वेळेवर कोणी बदलली नव्हती. माझा मान मी जपला, त्याची किंमत तिच्या पाठीने भरली. तेव्हापासून मी ‘मज पाप्यावर दया कर’ एवढंच म्हणून पुढे जाते, त्याच दाखल्यातला जकातदार म्हणाला तसं.

धर्म बदलायला येता का, असंही कोणी विचारतं. नाही. दुसऱ्याच्या घरात मी मोठ्याने प्रार्थना करत नाही. त्यांनीच सांगितलं तर करते, आणि मग त्यांच्याच बोलीत. प्रार्थनेच्या वेळी खोलीचं दार लावून घे असं येशूने सांगितलं. माझं दार म्हणजे पायरी. चपला काढताना मनात दोन शब्द बोलते, मग आत शिरते. भाषेच्या बाबतीत मला फादर थॉमस स्टीफन्स फार मोठे वाटतात. मूळ इंग्लंडचे, 1579 साली गोव्यात आले आणि 1616 मध्ये बायबलची कथा सांगणारं त्यांचं ख्रिस्तपुराण तिथल्या रायतूरला छापलं, मराठी ओव्यांत. ज्यांना सांगायचं त्यांच्या भाषेपुढे आधी आपण वाकायचं, हे त्यांनी चारशे वर्षांपूर्वी आमच्या शेजारीच करून दाखवलं.

आणि थकत नाही का, असंही विचारता. थकते. पण पाळी संपली की आम्ही पुढच्या सिस्टरला चार्ज देतो. चार नंबरला ताप आहे, सातची सलाईन दहापर्यंत चालेल, बाराचे नातेवाईक घाबरलेत. सगळं सांगून झालं की घरी जायचं, वॉर्ड आपल्यामागे चालू असतो. रोझरीनंतर मी तसाच चार्ज देते. नावं घेते, कोणाची जखम किती खोल ते सांगते, आज काय करायचं राहिलं ते कबूल करते. ज्या रात्री हे चुकतं त्या रात्री झोप लागत नाही, कारण सगळा वॉर्ड माझ्याच जिवावर चाललाय असं वाटत राहतं.

तर त्या रात्री पडवीत मी सुनेला म्हटलं, “ठाऊक नाय गो. पण आज मी बसतंय, तू नीज.” ती तिथेच, वाळत घातलेल्या कपड्यांखाली चटई टाकून आडवी झाली आणि क्षणात झोपली. किती रात्री जागली होती कोण जाणे. बाहेर पावसाची सर कौलांवर उतरत होती. मी खुर्ची खाटेजवळ ओढली, माळ हातात घेतली.

दोनच्या सुमारास आजोबांनी पाणी मागितलं.