मोरीपाशी सावकाश

कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांताच्या नकाशात इग्नेस गावापासून थेट उत्तरेकडे एक बारीक रेघ निघते. हायवे ५९९. सुमारे २९२ किलोमीटरवर ती पिकल लेकला, तळ्याकाठच्या चारेकशे वस्तीच्या गावात पोचते. लोणच्याचं तळं! हसायला हरकत नाही, पण आधी इग्नेसला टाकी गच्च भरून घ्यावी.

अशा रस्त्यांची खोड म्हणजे खड्डा नव्हे, उंचवटा. भरावात गाळाची बारीक माती असली की ती दिव्याच्या वातीसारखी खालचं पाणी वर ओढते. ते गोठून पातळ थर बसतो, मग त्याखाली आणखी पाणी. गोठताना पाणी फुगतं ते जेमतेम नऊ टक्के. डांबर उचललं जातं ते या ओढून आणलेल्या पाण्यानं. मोरीवर, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायला पाइप घातलेला असतो तिथे, हे हमखास जाणवतं, कारण पाइपातून थंड हवा शिरते आणि तिथली माती शेजारणीच्या तालावर गोठत नाही. वरून डांबर ओतून भागत नाही. माती उकरून खडी-वाळू भरायची, दोन्हीकडे लांबवर उतार देत. नाहीतर उंचवटा फक्त जागा बदलतो. तोवर पिवळी पाटी. मागे ट्रेलर असेल तर पाटीच्या आधीच वेग उतरवावा.

वसंतात आणखी पंचाईत. वरचं वितळतं, खालचं गोठलेलंच, मधल्या पाण्याला वाट नाही. रस्ता चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा. म्हणून त्या दिवसांत प्रांताचा कायदा ठरावीक रस्त्यांवर गाडीच्या एका आसाला (ॲक्सलला) ५००० किलोची मर्यादा घालतो.

पिकल लेकच्या पुढे खडीचा रस्ता आहे, तोही संपतो. त्यापलीकडच्या मूळ रहिवाशांच्या गावांना मात्र हीच थंडी गोठलेल्या तळ्यांवरून रस्ता बांधून देते. एरवी सगळं विमानानं. डिझेल आणि घरबांधणीचं सामान थंडीच्याच दिवसांत ट्रकनं पोचवायचं. पहिलं काम, पडलेलं भुसभुशीत हिम दाबणं किंवा बाजूला सारणं. ती गोधडीच, ती असेपर्यंत खाली थंडी शिरत नाही. मग भोकं पाडून जाडी मोजायची. निळसर, नितळ बर्फ मोजणीत पूर्ण धरायचा, पांढरा निम्माच. जाडी दुप्पट झाली तर भार चौपट पेलतो, हा ढोबळ हिशोब.

गाडी बर्फावर उतरली की सीटचा पट्टा सोडायचा, काच थोडी खाली. वेग अगदी कमी, कारण चाकांखालून पाण्यात लाट पुढे धावते, आणि किनाऱ्याशी ती बर्फ फोडते. फोटोसाठी तळ्याच्या मध्यावर थांबू नये. उभ्या भाराखाली बर्फ हळूहळू वाकत राहतो.

मार्चमध्ये दुपारचं ऊन लागू लागलं की ट्रक रात्रीच निघतात. नंतर तेही नाही. मग तिथे होड्या.