भाच्याची घोरपड आणि यूव्हीचा दिवा

ठाण्यात जांभळी नाक्याजवळ आमचं विजेच्या सामानाचं दुकान. त्यामुळे मेलबर्नला राहणारा भाचा दिव्यांबद्दल मलाच विचारतो. यावेळी यूव्हीचा, म्हणजे अतिनील किरणांचा, दिवा हवा होता घोरपडीसाठी! त्याने अ‍ॅकी पाळलीय. ऑस्ट्रेलियातली ही काटेरी शेपटीची घोरपड जेमतेम दोन फुटांची, आणि तिकडे परवाना काढून पाळता येते. आपल्याकडे मात्र स्वप्नातही नको. इथल्या घोरपडी वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. येऊरच्या जंगलात दिसली तर लांबून बघायची आणि आपल्या वाटेने जायचं.

"मामा, घोरपड विकणारा म्हणतो यूव्ही लागतच नाही. त्याच्याकडे पिल्लंसुद्धा झालीत त्याशिवाय. उगाच कशाला खर्च करू?"

विकणारा खोटं बोलत नाही. अख्खा उंदीर गिळणाऱ्या घोरपडीला त्याच्या हाडांतून कॅल्शियम आणि यकृतातून ड जीवनसत्त्व मिळतं. पण अ‍ॅकी मुख्यतः किडे खाते. नाकतोडे-झुरळांत कॅल्शियम कमी, मग वरून कॅल्शियम आणि ड ची पावडर भुरभुरायची. पावडरीतलं ड जास्त झालं तर अंगात साठून बाधतं, कमी झालं तर हाडं मऊ पडतात, जबडा-पाय वाकडे होतात. कातडीवर यूव्हीबी (यूव्हीचाच एक प्रकार) पडून तयार होणाऱ्या ड जीवनसत्त्वाचं तसं नाही. जादा झालेलं तिथेच निरुपयोगी पदार्थांत मोडून जातं. दिवसभर उन्हात फिरणारा प्राणी आहे तो, शरीराने हिशेब बसवलेला आहे. म्हणून माझं मत: नसला तर लगेच मरणार नाही, पण दिवा लावच.

आता दिव्याचं. "यूव्ही द्या" एवढं सांगून गिऱ्हाईक मोकळं होतं, आणि खरा घोळ तिथेच आहे. पाण्याच्या फिल्टरमध्ये असते ती ट्यूब यूव्हीसी, २५४ नॅनोमीटरची. कोरोनात लोकांनी घरात लावायला नेल्या त्याही याच. ती जंतू मारते आणि डोळे-कातडीही भाजते. डास-माश्या पकडायच्या यंत्रातली निळी ट्यूब यूव्हीए, तिने ड तयार होत नाही. घोरपडीला लागते यूव्हीबी, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर, आणि त्यासाठी सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी बनवलेली ट्यूब घ्यायची. नुसती टी-फाइव्ह (हे ट्यूबच्या जाडीचं माप) म्हणून मागितलीस तर कुणी एलईडीची पट्टी हातात ठेवेल. तिचा नुसता उजेड.

शिवाय नुसती यूव्हीबी पुरत नाही. कातडीत तयार झालेल्या कच्च्या मालाचं ड व्हायला ऊब लागते. अ‍ॅकी जिथे शेकत बसते तो दगड पन्नास अंशांच्या वर तापलेला हवा, त्यामुळे शेजारी हॅलोजन. (आमच्याकडे हॅलोजन आता कोण विचारतं? धूळ खात पडलेत.) ट्यूब आणि हॅलोजन एकाच जागेवर पडायला हवेत, नाहीतर जनावर उबेत बसणार आणि यूव्हीबी भलतीकडेच. दोन्हींच्या खाली सावलीही ठेवायची, तिला नको असेल तेव्हा सरकता आलं पाहिजे.

"खिडकीतून ऊन येतं की!" हे पुढचं. काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही. पेटीवर काच असेल तर ट्यूब आत लावायची. बारीक जाळीनेसुद्धा बरीच अडते.

ट्यूब घेतलीय त्याने. तिच्या टोकाला मार्करने तारीख लिहायला सांगितलंय, कारण उजेड तसाच राहतो आणि यूव्हीबी महिन्यांगणिक उतरत जाते. वर्षाच्या आत बदलायची. पेटती ट्यूब काढून टाकायची, हे मात्र त्याच्या गळी अजून उतरलेलं नाही.