हरमलला तीन रात्री

आम्ही लोकांसाठी सहली काढतो. पहिल्या सहलीत गोव्यातल्या हरमलला दोनच तास दिले होते. २०११ साल, भाड्याचा ट्रॅव्हलर, सावंतवाडीची चार कुटुंबं. कळंगुट, आग्वाद करून परतताना इथं थांबलो, तर मंडळी विचारायला लागली, "इथं बघायचं काय?" माझ्याकडेही उत्तर नव्हतं. त्यात आमच्यातल्या एकाने वाळूत पहुडलेल्या परदेशी बाईचा न विचारता फोटो काढला. ती उठून आली, मोबाइल मागितला आणि शांतपणे फोटो पुसायला लावला. मी मान खाली घालून उभा होतो.

पुन्हा यायचं तर राहायलाच यायचं, हे त्या रात्री ठरलं.

पेडणे तालुक्यातलं हे गाव परदेशी लोकांचं अरंबोल. पावसाळा सरला की ते येतात आणि महिनोन् महिने राहतात. का, ते मी स्वतः आठवडाभर राहिलो तेव्हा कळलं. सकाळी पोई, म्हणजे गोव्याचा पाव, आणि पातळ भाजी. मग डोंगराच्या कडेने, दुकानांच्या ओळीतून खडकाळ पायवाटेने उत्तरेला गेलं की गोड्या पाण्याचं तळं. एका अंगाला झाडी, दुसरीकडे वाळूचा पट्टा आणि लगेच समुद्र. लाटांतून येऊन तळ्यात उतरलं की अंगावरचं मीठ सुटताना जाणवतं. सूर्य कलला की माणसं ढोल घेऊन वाळूत गोल करून बसतात. ओळखपाळख नसते, तरी ताल जमतो.

तेव्हापासून तीन रात्रींपेक्षा कमी बुकिंग आम्ही घेत नाही. एका गटात बाराच माणसं. फोटोचं तर गाडी सुटण्याआधीच बजावतो. सुरुवातीला निम्म्या चौकशा यामुळे गळाल्या, घरात बोलणी खाल्ली. पण जे आले ते पुढच्या वर्षी भावाबहिणींना घेऊन आले.

२०२० च्या मार्चमध्ये सगळं ठप्प झालं. गाडी अंगणात, हप्ते चालू. सावरतोय तोवर २०२३ च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाला, तोही पेडण्यातच. गर्दी वाढली, खोल्यांचे दर चढले. तळ्याकाठी प्लास्टिक दिसलं की जीव तुटतो. आमची माणसं पिशव्या सोबत नेतात आणि भरून आणतात.

खोल्या पहिल्यापासून एकाच घरात घेतो. ऑक्टोबरात फोन केला की तिथली काकी दराचं नंतर बोलते, आधी विचारते, "तीन राती रवतलास मां?"