सुभेदार रामजी नेमके कुठले?

बाबासाहेबांचं गाव आंबडवे, जन्म महूचा, शाळा साताऱ्याची, घर परळचं. मग त्यांचे वडील नेमके कुठले? हा प्रश्न दर एप्रिलमध्ये येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रामजी मालोजी सकपाळ मूळचे कोकणातले. बाकीचे पत्ते पलटणीनं, पेन्शननं आणि पेन्शन पुरत नाही म्हणून धरलेल्या नोकऱ्यांनी दिलेले आहेत. पगार कुठून येतो एवढं पाहत गेलं की घर का हललं ते कळतं.

गावापासून सुरुवात करू, कारण पहिली चूक तिथंच होते. आंबडवे आज रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात आहे. बाबासाहेबांनी स्वतः मात्र आपलं घराणं दापोली तालुक्यातलं असं लिहिलंय. दोन्ही बरोबर आहे. त्या काळी मंडणगड हा दापोलीचाच पोटभाग होता. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या कागदांत मंडणगड तालुका शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही, दापोलीखाली बघा.

दुसरी अडचण आडनावाची. जुन्या लष्करी नोंदींत महार शिपायाला बहुधा आडनाव नसतं. स्वतःचं नाव, त्याला जोडून ‘नाक’ आणि मग बापाचं नाव, तेही ‘नाक’ लावून, एवढंच. कोरेगावच्या जयस्तंभावरची महार शिपायांची नावं वाचा, म्हणजे हा साचा लक्षात येईल. आडनाव नंतर आलं, तेही बऱ्याचदा गावाला ‘कर’ लावून. रामजींचे सासरे मुरबाडकर, मुरबाडचे. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी १९१४ या क्रमांकावर जो मुलगा दाखल झाला त्याचं नाव ‘भिवा रामजी आंबेडकर’, म्हणजेच बाबासाहेब. वंशावळ करणारे इथं गोंधळतात आणि सकपाळ व आंबेडकर अशी दोन कुटुंबं मांडून मोकळे होतात.

आता पलटण. रामजींचे वडील मालोजीही सैन्यातच होते. म्हणजे १८६६च्या सुमारास, अठराएक वर्षांचे असताना रामजी भरती झाले तेव्हा घराला ही वाट नवी नव्हती. शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार आणि सर्वांत वर सुभेदार-मेजर, अशी देशी शिपायाची शिडी. रामजी सुभेदार म्हणून निवृत्त झाले. फिरत्या संदेशांत त्यांना सर्रास सुभेदार-मेजर केलेलं असतं. तो हुद्दा त्यांचे सासरे लक्ष्मण मुरबाडकर यांचा. मुरबाडकरांच्या घरात त्या हुद्द्याची माणसं आणखीही होती, ते घर पैशानंही वरचढ. त्यांची मुलगी भीमाबाई रामजींना दिली, तेव्हा रामजींचं सगळं अजून व्हायचंच होतं.

रामजींच्या हुद्द्यामागे तलवारीपेक्षा खडू-फळा जास्त आहे, आणि माझ्या मते या माणसाची किल्ली तिथंच आहे. कंपनीच्या काळापासून देशी पलटणींत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण सक्तीचं होतं, मुलींनासुद्धा. मुलांना दिवसाची शाळा, मोठ्यांना रात्रीची. या शाळांना मास्तर लागत आणि ते पुण्यात लष्करी नॉर्मल स्कुलात तयार होत. रामजी तिथं शिकले आणि पुढे १४ वर्षं पलटणीच्या शाळेत हेडमास्तर होते. गावच्या शाळेत ज्यांना उंबरठा ओलांडता येत नव्हता, त्या समाजातला माणूस १४ वर्षं हेडमास्तर! हे फक्त छावणीतच घडू शकत होतं. महू हा त्याच नोकरीतला मुक्काम. तिथं १४ एप्रिल १८९१ रोजी भीमराव जन्मले, चौदावं अपत्य. चौदांपैकी पाच वाचली : बाळाराम, आनंदराव, भीमराव, मंजुळा आणि तुळसा.

१८९४च्या सुमारास निवृत्ती आली. पेन्शनर आंबडव्याला का गेला नाही? तिथं सकपाळांना गावदेवीच्या पालखीचा मान होता, हे खरं. पण पालखीचा मान वर्षातून एकदा, आणि गावकीची कामं बारा महिने. ज्यानं सुभेदाराचा पट्टा बांधला, त्यानं गावात जाऊन पुन्हा पाटलाचा सांगावा घेऊन धावायचं? म्हणून रामजी दापोलीला गेले. दापोलीचं तसं नव्हतं. १८१८नंतर तिथं इंग्रजांची छावणी पडली. जुनी माणसं अजून ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. छावणी गेली तरी महार पेन्शनरांची वस्ती राहिली. आजूबाजूला वाचता-लिहिता येणारी माणसं. पेन्शनर हवालदार गोपाळबाबा वलंगकरही तिथंच राहिलेले, १८८८ साली अस्पृश्यतेवर पुस्तिका काढणारे. महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हा सरकारकडे अर्ज-विनंत्या करणारेही हेच पेन्शनर. त्यांचं दुःख हिशेबाचंही होतं : भरती बंद म्हणजे पुढच्या पिढीला पगार नाही, पेन्शन नाही आणि सक्तीची शाळाही नाही.

दापोलीत कायमचं राहायचं असा बेत होता, तो बारगळला. पेन्शन महिना ५० रुपये, खाणारी तोंडं बरीच. रामजींना साताऱ्यात सार्वजनिक बांधकाम खात्यात स्टोअरकीपरची जागा मिळाली, घर तिकडे गेलं. १८९६ साली भीमाबाई तिथंच वारल्या. मुलांकडे पाहायला रामजींची बहीण मीराबाई. पायांनी अधू, जीव लावणारी, पण घरकाम तिला झेपेना. पोरंच शिजवायची. सोपा आणि चवीचा म्हणून पुलाव व्हायचा : तांदूळ आणि मटण एकत्र, झालं.

१९०१च्या सुमारास दुष्काळी कामावर तलाव खणणं सुरू होतं, तिथं रामजी कॅशियर. या गावाचं नाव कुठं कोरेगाव, कुठं गोरेगाव असं छापलेलं दिसतं आणि लोक त्याची गाठ थेट जयस्तंभाच्या कोरेगावाशी मारतात. त्याचा इथं काही संबंध नाही. खटाव तालुका आणि मसूर स्टेशन या दोन खुणा सोडू नका. वडिलांना भेटायला निघालेली मुलं याच मसूरला उतरली, पत्र वेळेवर न पोचल्यानं घ्यायला कुणी आलं नाही, आणि दुप्पट भाडं देऊनही बैलगाडी मुलांनाच हाकावी लागली, विटाळ नको म्हणून गाडीवान बाजूनं चालला. लष्करी शाळेच्या भिंतीबाहेर सुभेदाराच्या पोरांची किंमत काय, ते त्या प्रवासात कळलं.

१९०४ साली मुंबई. परळची डबक चाळ, एल्फिन्स्टन हायस्कूल. पैशाची ओढाताण कशी चाले? मुलाला पुस्तक हवं झालं की रामजी लग्न झालेल्या मुलीकडे जात, तिचा एखादा दागिना मागून आणत, गहाण टाकत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. त्या ५० रुपयांना महिन्याआधीच पाय फुटलेले असत. दापोलीची नाळ मात्र तुटली नव्हती. भीमरावांना १९०६च्या सुमारास केली ती सून, रमाबाई, दापोलीजवळच्या वणंदची.

पुढे परळच्याच बीआयटी चाळ नंबर १ मध्ये ५० आणि ५१ या दोन खोल्या. आपल्या घराण्याचा असाच माग काढायचा असेल तर पेन्शनपासून मागे या. शिपायाच्या नोंदी फारशा टिकलेल्या नाहीत, पण जमादार आणि त्यावरच्या हुद्द्यांची नावं पलटणीच्या छापील याद्यांत सापडतात. हुद्दा पक्का नसेल तर वर्षानुवर्षं चुकीची यादी चाळत बसाल.

रामजी २ फेब्रुवारी १९१३ रोजी मुंबईत गेले. मुलगा तेव्हा नुकताच बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाला होता, तार मिळताच परतला. सुभेदारांचा तो शेवटचा पत्ता.