शेअरपॉइंटवर बाहेरचं ॲड-ऑन टाकण्याआधी

शेअरपॉइंट म्हणजे कंपनीच्या अंतर्गत साइट्स चालवायची मायक्रोसॉफ्टची प्रणाली. तिच्यावर कुणाला नवं कॅलेंडर हवं असतं, कुणाला रंगीत चार्ट. मागणी माझ्याकडे येते आणि मी आधी विचारते, "ह्याला परवानग्या कुठल्या लागतात?" बहुतेकांना हा प्रश्न म्हणजे मुद्दाम घातलेला खोडा वाटतो. वाटू दे.

शेअरपॉइंट २००७ मध्ये ॲड-ऑनचं डब्ल्यूएसपी पॅकेज (इन्स्टॉल करायची फाइल) थेट सर्व्हरवर चढायचं. त्यातला कोड गंडला की अख्खी साइट आडवी. २०१७ मध्ये ॲड-ऑन बनवायचं नवं शेअरपॉइंट फ्रेमवर्क आलं आणि कोड ब्राउझरमध्ये चालू लागला. सर्व्हर सुटला, पण हा कोड लॉगिन केलेल्या माणसाच्या हक्कांनी चालतो. संचालकांनी पान उघडलं, की त्यांना जे दिसतं तिथवर त्याचाही हात पोचतो.

खरी गोम एपीआय परवानगीत, म्हणजे ॲड-ऑनला मेलसारख्या इतर सेवांमधला डेटा मिळू देणाऱ्या परवानगीत, आहे. ॲडमिन सेंटरमध्ये एका वेब पार्टसाठी (पानावर बसवायच्या ॲड-ऑनसाठी) मेल वाचायची परवानगी मंजूर केली, तरी ती त्या एकट्याची राहत नाही. टेनंटमधले, म्हणजे कंपनीच्या अख्ख्या मायक्रोसॉफ्ट ३६५ खात्यातले, इतर वेब पार्टही ती वापरू शकतात. डेमो दाखवणारे हे आपणहून सांगतील अशी आशा मी ठेवत नाही. म्हणून नवं पॅकेज आधी चाचणीच्या टेनंटवर जातं, आणि सगळ्या साइट्सवर एकदम लावायचा पर्याय मी निवडतच नाही.